उंदीर, निळा प्रकाश आणि माझा धाकटा भाऊ

माझ्या धाकट्या भावाला अपस्मार आहे. आमच्या आळींत त्याला फेफरें म्हणतात, आणि तेंहि कुजबुजत. दोन वर्षांपूर्वीं गणपतीची आरती चालली असतां तो एकाएकीं खालीं कोसळला. हातपाय ताठले, तोंडाला फेंस आला. कोणी कांदा फोडून नाकाशीं धरला, कोणी वहाण पुढें केली. मीं काय केलें म्हणाल, तर आंतल्या खोलींत जाऊन दार लावून घेतलें. हें लिहितांना आजहि मान खालीं जाते.

पुढें डॉक्टरांनीं फेनोबार्बिटोनच्या गोळ्या दिल्या. आजीनें विचारलें, "डॉक्टरसाहेब, पोराच्या डोक्यांत बिघडलें तरी काय हो?" ते म्हणाले, "आजी, मेंदूंत चालविणारे पुष्कळ असतात; याच्या मेंदूंत थांबविणारे कमी पडतात." हें उत्तर माझ्या मनांत रुतून बसलें, आणि त्याचा माग काढीत काढीत मी थेट उंदरांपर्यंत जाऊन पोहोंचलों!

मेंदूच्या बाह्य थरांतील मज्जापेशींपैकीं सुमारें पांचांत एक पेशी शेजारणीला डिवचण्याऐवजीं गप्प करणारी असते. तिला आपण निरोधक पेशी म्हणूं. ती 'गाबा' नांवाचें द्रव्य सोडते, आणि समोरची पेशी शांत होते. (भावाची ती लहानशी गोळी या गाबाचाच प्रभाव वाढविते.) परंतु या पेशी इतरांत अशा मिसळलेल्या असतात कीं, विजेची तार लाविली तर दोहोंसहि एकदमच धक्का बसतो. एकाच जातीच्या पेशींवर हुकमत चालेल अशी युक्ति हवी, असें फ्रान्सिस क्रिक यांनीं १९७९ सालींच लिहून ठेविलें होतें.

ती युक्ति शेवाळांत सांपडली. क्लॅमिडोमोनस नांवाची एकपेशीय हिरवी वनस्पति उजेडाच्या रोखानें पोहते. तिच्या अंगीं प्रकाश पडतांच दारासारखें उघडणारें एक प्रथिन असतें. २००५ सालीं बॉइडन, डाइसरॉथ प्रभृति संशोधकांनीं त्याचें जनुक मज्जापेशींत घालून, निळ्या प्रकाशाच्या एकेका झोतासरशी त्या पेशी चेतवून दाखविल्या.

आतां तें जनुक निरोधक पेशींतच कसें न्यावें? गाबा सांठविण्याचें काम करणारें एक जनुक फक्त त्याच पेशींत जागें असतें. त्याला जागें करणाऱ्या भागाशीं शेवाळाचें जनुक जोडून तें उंदराच्या गर्भबीजांत घातलें, कीं पुढें जन्मणाऱ्या पिलांच्या निरोधक पेशींतच तें प्रथिन तयार होतें, आणि हा वारसा पिढ्यान्‌पिढ्या चालतो. असे उंदीर २०११ सालीं सिद्ध झाले. मौज अशी कीं, येथें दिवा लाविला म्हणजे मेंदूचा तो भाग जागा न होतां निजतो.

माझा जीव मात्र दुसऱ्याच एका प्रयोगांत गुंतला. २०१३ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं अशाच जनुक-बदल केलेल्या उंदरांच्या मेंदूंत औषध टोंचून त्यांस अपस्मार जडविला, आणि डोक्यांत बारीक प्रकाशतंतु बसविला. झटका सुरू होतांच संगणक तो ओळखी आणि दिवा लावी. निरोधक पेशी चेतविल्या कीं झटके पुष्कळच आखूड होत. खातरी पटावी म्हणून कांहीं झटक्यांच्या वेळीं दिवा मुद्दाम लाविला नाहीं. माणसाच्या अपस्मारावर हा उपाय अद्याप रूढ झालेला नाहीं. त्यासाठीं माणसाच्या मेंदूंत जनुक घालावें लागेल, तंतु बसवावा लागेल, आणि तें कांहीं सोपें काम नव्हे.

हें सारें मीं मोठ्या उत्साहानें भावाला सांगितलें. त्यानें तें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "दादा, ज्या वेळीं दिवा लाविला नाहीं, त्या वेळीं त्या उंदराजवळ कोण होतें रे?"

मला कांहीं बोलतां आलें नाहीं. प्रयोगांत ती तुलना आवश्यकच होती, हें मी जाणतों. पण त्याचा प्रश्न उंदरापुरता नव्हता, हेंहि मला कळलें.

गेल्या श्रावणांत त्याला पुन्हां झटका आला. मीं त्याला कुशीवर वळविलें, डोक्याखालीं माझा सदरा घडी करून ठेविला, आजीच्या हातांतील वहाण काढून घेतली, आणि घड्याळाकडे पाहत त्याच्याजवळ बसून राहिलों. दीड मिनिटानें त्यानें डोळे उघडले.