शिवेपलीकडचा परवाना

अमेरिकेंत एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत शिरतांना शीव ओलांडल्याचें प्रवाशास सहसा कळतहि नाहीं. ना जकातीचें नाकें, ना चौकी, ना पहारेकरी; रस्त्याच्या कडेस स्वागताची एक पाटी, आणि पाटीच्या पलीकडे तोच रस्ता व तींच झाडें. कायदे मात्र त्या पाटीपाशीं बदलतात. बहुतेक प्रवाशांस ह्या बदलाशीं कांहीं कर्तव्य नसतें. परंतु ज्याच्या कमरेस पिस्तूल आहे, त्याच्या दृष्टीनें ती अदृश्य रेघ तुरुंगाच्या भिंतीइतकी खरी असते.

आमचें वास्तव्य गेलीं कित्येक वर्षें पेन्सिल्व्हेनियाच्या पूर्व भागांत आहे. शस्त्र आम्हीं कधीं हातीं धरलें नाहीं व धरण्याची इच्छाहि नाहीं. आमचे शेजारी एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांचें पूर्वी लहानसें किराणा दुकान होतें; एके रात्रीं दुकान बंद करीत असतां दोघा चोरांनीं सुरा दाखवून दिवसाचा सारा गल्ला नेला. तेव्हांपासून ते कोटाखालीं पिस्तूल बाळगतात. ही गोष्ट आम्हांस कळली ती परिचयाच्या तिसऱ्या वर्षीं. त्या संध्याकाळीं आमचा बुद्धिबळाचा डाव कांहीं रंगला नाहीं. माणूस तोच, त्याचें हसणें तेंच, आमच्या मुलांस सफरचंदें देणारे हातहि तेच. तरी पटाच्या पलीकडे हातभर अंतरावर तें लोखंड आहे, ही जाणीव मनांतून जाईना. पुढें ती बोथट झाली. नाहींशी झाली असें मात्र म्हणवत नाहीं.

त्यांचा परवाना आम्हीं पाहिला आहे. काउंटीच्या शेरीफच्या कचेरींत अर्ज करावा, वीस डॉलर भरावे, पूर्वचारित्र्याची तपासणी व्हावी, कीं पांच वर्षांच्या मुदतीचा हा कागद हातीं येतो. शिक्षणाची किंवा नेमबाजीच्या परीक्षेची अट नाहीं. ह्या कागदाच्या बळावर पेन्सिल्व्हेनियांत शस्त्र झांकून बाळगतां येतें. दुसरीं कित्येक राज्यें आपसांतील समझोत्यानें किंवा आपण होऊन त्यास मान देतात. परवान्यांची परस्पर मान्यता म्हणतात ती हीच. मात्र नदीपलीकडचें न्यू जर्सी व त्यापुढील न्यू यॉर्क हीं दोन्ही राज्यें परक्या राज्याचा परवाना मुळींच मानीत नाहींत.

एका शरद ऋतूंत आम्ही ह्या गृहस्थांसह व्हरमॉंटची रंगलेली वनश्री पाहावयास निघालों. डेलावेअर नदीच्या अलीकडे त्यांनीं गाडी थांबविली, पिस्तुलांतील गोळ्या काढल्या, पिस्तूल एका पेटींत घालून तिला कुलूप लावलें, गोळ्या दुसऱ्या डब्यांत बंद केल्या आणि दोन्ही वस्तू डिकींत ठेवल्या. सोवळें फेडून ओवळ्यांत शिरावें तसा हा विधि दिसतो, असें आम्ही विनोदानें म्हणालों. पण ते हंसले नाहींत. वाटेंत रात्र झाली तर न्यू यॉर्कांत मुक्काम करूं, ही आमची सूचनाहि त्यांनीं मानली नाहीं. व्हरमॉंटच्या हद्दींत शिरल्यावर मात्र त्यांचा चेहरा खुलला. तेथें शस्त्र बाळगण्यास परवाना कधींच लागलेला नाहीं. रटलंड शहरानें तशी अट घातली होती, ती १९०३ साली राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें रद्द केली. गंमत अशी कीं व्हरमॉंट परवाना देतच नसल्यानें तेथील रहिवाशास परराज्यांत दाखवावयास कागदच नसतो. जेथें सर्वांत अधिक मोकळीक, तेथील माणूस शिवेबाहेर सर्वांत रिक्तहस्त!

आमच्या शेजाऱ्यांची ती धास्ती म्हातारपणाची नव्हती. १९८६ च्या संघीय कायद्यानें प्रवाशास एक अरुंद वाट काढून दिली आहे. जेथून निघालों तेथें आणि जेथें जावयाचें तेथें शस्त्र बाळगणें कायदेशीर असेल, शस्त्र रिकामें असेल, आणि तें व गोळ्या बसल्या जागेवरून हातीं येण्याजोग्या नसतील, तर मधल्या राज्यांतून जातां येतें. पण ही वाट किती अरुंद, हें एका युटावासी प्रवाशास २००५ साली कळलें. तो विमानानें पेन्सिल्व्हेनियांतील ॲलनटाउनकडे येत होता. न्यूअर्क येथें पुढचें विमान चुकलें, सामान हातीं आलें आणि रात्र जवळच्या हॉटेलांत काढावी लागली. दुसऱ्या दिवशीं त्यानें विमानतळावर आपण होऊन पिस्तूल असल्याचें सांगितलें आणि तो न्यू जर्सीच्या कोठडींत जाऊन पडला. पुढें खटला काढून घेण्यांत आला. परंतु त्यानें दाद मागितली तेव्हां २०१० साली संघीय अपील न्यायालयानें सांगितलें कीं त्या रात्रीं सामान त्याच्या हाताशीं होतें, सबब कायद्याचें संरक्षण त्यास नाहीं. हा पेंच त्याच्या दोषानें ओढवला नव्हता, हें न्यायाधीशांनींहि मान्य केलें.

ह्याहून चटका लावणारी हकीकत २०१३ ची आहे. फिलाडेल्फियाची एक तरुण स्त्री, दोन मुलांची आई, न्यू जर्सींतून मोटारीनें जात होती. वाहतुकीच्या किरकोळ कारणावरून पोलिसानें गाडी थांबविली असतां तिनें स्वतःच परवाना पुढें केला व जवळ पिस्तूल असल्याचें सांगितलें. आपल्या घरीं जी प्रामाणिक नागरिकाची रीत, तीच येथें गुन्ह्याची कबुली ठरली, आणि कित्येक वर्षांची सक्तीची कैद तिच्यापुढें उभी राहिली. बराच गवगवा झाल्यावर २०१४ साली न्यू जर्सीच्या महाधिवक्त्यानें सरकारी वकिलांस अशा परराज्यांतील पाहुण्यांविषयीं सौम्य धोरणाची सूचना दिली. तिचा खटला कैदेविना मिटला, आणि २०१५ च्या एप्रिलांत राज्यपाल क्रिस्टी यांनीं तिला माफी दिली.

अशा गोष्टी ऐकल्या कीं मन साहजिकच म्हणतें, मोटार हांकण्याचा परवाना सर्वत्र चालतो, मग हाच कां चालूं नये? आमचे शेजारीहि हेंच विचारतात. प्रश्न सरळ आहे, पण त्याचें उत्तर तितकें सरळ नाहीं. मोटारीचा परवाना दुसऱ्या राज्यांनीं मानला, तो आपापल्या कायद्यानें. आणि प्रत्येक राज्य चालकाची परीक्षा घेतें हें त्यांस ठाऊक आहे. येथें तसें नाहीं. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानें न्यू यॉर्कची ‘विशेष कारण दाखवा’ ही शतकभराची अट रद्द केली. त्यानंतर त्या राज्यानें सोळा तासांचें शिक्षण व दोन तासांचा नेमबाजीचा सराव आवश्यक केला. उलट २०२४ अखेर एकोणतीस राज्यांत झांकून शस्त्र बाळगण्यास परवाना लागेनासा झाला. ज्यानें आपल्या लेकरांस अठरा तास शिकविलें, त्यानें एकहि तास न शिकलेल्या पाहुण्यास त्याच रस्त्यावर त्याच हक्कानें फिरूं द्यावें, हें त्याच्या गळीं कसें उतरावें?

जेथें मान्यता आहे तेथेंहि वाट निष्कंटक नाहीं. मिशिगनमध्यें पोलिसानें थांबविलें तर शस्त्राची गोष्ट ताबडतोब सांगावी लागते; दुसरीकडे न विचारतां सांगण्याचें बंधन नसतें. टेक्सासांत इंग्रजी व स्पॅनिश भाषांतील ठराविक पाटी दाराशीं असली तर आंत शस्त्र नेणें गुन्हा. आणि संघीय कायदा शाळेपासून हजार फुटांच्या आंत त्याच राज्यानें दिलेला परवाना मागतो, म्हणजे पाहुण्याचा मान्य परवानाहि तेथें निरुपयोगी ठरतो. शिवाय मान्यता ही राजकारणाच्या वाऱ्यानें हालणारी वस्तु. डिसेंबर २०१५ मध्यें व्हर्जिनियाच्या महाधिवक्त्यानें पंचवीस राज्यांचे परवाने अमान्य करण्याचें जाहीर केलें. थोड्याच आठवड्यांत तडजोड झाली, आणि जुलै २०१६ पासून वयाची अट सांभाळून सर्व राज्यांचे परवाने तेथें मान्य झाले.

हा गोंधळ एका फटक्यासरशीं मिटवावा, म्हणून प्रतिनिधिगृहानें ६ डिसेंबर २०१७ रोजीं परस्पर मान्यता सर्व राज्यांवर बंधनकारक करणारें विधेयक २३१ विरुद्ध १९८ मतांनीं संमत केलें. सेनेटनें तें विचारासहि घेतलें नाहीं. आपल्याकडे शस्त्रें हा विषय राज्यघटनेनें केंद्राच्या यादींत घातला असून १९५९ चा शस्त्र कायदा साऱ्या देशास एकच आहे. त्यामुळें हा तंटा आपल्या वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु अमेरिकेंत प्रजेच्या सुरक्षिततेचा भार मुख्यतः राज्यांवर आहे, आणि भार ज्याचा, निवाडाहि त्याचाच असावा, असें त्यांस वाटतें.

आमच्या मतें येथें दोन प्रश्नांची गल्लत झाली आहे. परक्याचें शस्त्र आपल्या रस्त्यावर येऊं द्यावें कीं नाहीं, हा एक. आणि तें चुकून आलें तर त्या माणसास अट्टल गुन्हेगार समजावें कीं काय, हा दुसरा. पहिल्याचा निकाल ज्या त्या राज्यानें लावावा; तेथें बळजोरी नको. परंतु दुसरा प्रश्न धोरणाचा नसून न्यायाचा आहे. ज्याचें चारित्र्य त्याच्या राज्यानें तपासलें, ज्यानें कोणास इजा केली नाहीं, जो स्वतःच्या तोंडानें खरें सांगतो, त्याचें शस्त्र काढून ठेवावें, दंड करावा, सीमेपर्यंत पोंचवावें; पण एका पुलाच्या अंतरासाठीं त्याच्या आयुष्याचीं वर्षें घेऊं नयेत. २०१४ साली न्यू जर्सीनें आपला कायदा तसाच कडक ठेवून जी सौम्यता दाखविली, ती कायद्यांतच असती तर एका मातेस माफीच्या दारांत उभें राहावें लागलें नसतें.

आमच्या शेजाऱ्यांवर आमचा विश्वास आहे. तो बसावयास वर्षें लागलीं, आणि त्याला त्यांचा परवाना कारण झाला नाहीं. जें राज्य त्यांस ओळखत नाहीं त्यानें तो विश्वास एका कागदाच्या बळावर ठेवावा, असें सांगण्याचा आम्हांस काय अधिकार? मात्र विश्वास नसणें वेगळें आणि वैर धरणें वेगळें. अनोळखी पाहुण्यास ओसरीवरच थांबविण्याचा हक्क घरधन्यास खचित आहे; पण तो चुकून माजघरांत आला म्हणून त्यास चोर ठरविण्याचा नाहीं.