बॅटरी गेली म्हणजे नक्की काय गेलं?

जुनी गाडी सुरू झाली नाही की आपल्याकडे एकच निदान होतं. बॅटरी गेली. वॉचमन हेच सांगतो, शेजारचे काका हेच सांगतात आणि गॅरेजवाला तर बॉनेट उघडायच्या आधीच सांगतो. ताप आला की "व्हायरल आहे" म्हणतात ना, तसंच. खोटं नसतं, पण त्यातून कळत काहीच नाही.

आमच्या घरी हे निदान चार वर्षांत तीनदा झालं. गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८७ सालची, आजोबांनी घेतलेली. घरात तिला पद्मिनी कुणीच म्हणत नाही, सगळे "फियाट"च म्हणतात. आणि ते बरोबरही आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणारी ही मुळात फियाट ११००च, पद्मिनी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळालं. आजोबा गेल्यावर ती बाबांकडे आली. महिन्यातून एकदा-दोनदा बाहेर काढायची, एरवी कव्हर घालून पार्किंगमध्ये.

तिसऱ्या बॅटरीने सात महिन्यांत मान टाकली तेव्हा बाबा म्हणाले, "पुरे आता. भंगारवाल्याला फोन कर." बाबांच्या तोंडून हे यावं म्हणजे कमाल होती. या गाडीत त्यांनी ड्रायव्हिंग शिकलं, याच गाडीतून आईला आणि मला हॉस्पिटलमधून घरी आणलं. पण चार वर्षं सोसायटीच्या गेटवर चारचौघांकडून धक्का मारून घेतला की माणूस थकतो हो. नेहमीच्या गॅरेजवाल्यानेही सांगून टाकलं, "साहेब, हिच्यात आता काही राहिलं नाही."

तर मंडळी, आजचा शनिवार बॅटरीचा. थोडं फिजिक्स येईल, सहन करा. :)

आधी एक आकडा बघू. घरातला गिझर आठ-नऊ अँपिअर करंट घेतो आणि तेवढ्यासाठी आपण वेगळी जाड वायर टाकतो. फियाटचं इंजिन फक्त १०८९ सीसीचं, पण ते फिरवायला सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. दोन-तीन सेकंदच, पण ओढतो. आता इतका करंट जिथून जातो त्या रस्त्यात कुठेतरी ०.०२ ओहमचा अडथळा आहे असं धरा. ऐकायला काहीच नाही. पण ओहमचा नियम लावा: १५० गुणिले ०.०२ म्हणजे ३ व्होल्ट. बारा व्होल्टच्या गाडीत तीन व्होल्ट वाटेतच गायब! उरलेल्यात सेल्फ म्हाताऱ्यासारखा "घुर्र... घुर्र..." करतो आणि आपण म्हणतो, बॅटरी गेली.

या रस्त्याचे दोन भाग असतात. एक बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फपर्यंत जाणारी जाड केबल. ती दिसते, तिच्याकडे सगळे बघतात. दुसरा परतीचा रस्ता, तो बघायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. बॅटरीचं निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला जोडलेलं असतं. पण सेल्फ बसलेला असतो इंजिनावर, आणि इंजिन रबराच्या माउंटिंगवर! रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या बारीक तारांची विणलेली एक पट्टी असते. अर्थिंगची पट्टी. इंजिन रोज थरथरतं, पट्टी त्याच्यासोबत हलते, वरून ऑईल आणि चिखल. पस्तीस-चाळीस वर्षांत तिची एकेक तार तुटत जाते.

गंमत अशी की मल्टिमीटरने ही पट्टी नेहमीच्या पद्धतीने तपासली तर "बीप" वाजतो आणि सगळं ठीक दिसतं. कारण बीप वाजायला एक तार पुरते. दीडशे अँपिअर न्यायला सगळ्या लागतात. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. एका युझरला नीट चालणारं सॉफ्टवेअर दहा हजार युझर आल्यावर का झोपतं, तोच प्रकार. लोड टाकल्याशिवाय टेस्ट म्हणजे टेस्टच नाही.

हे सगळं मला आधी माहीत नव्हतं. ते दाखवलं एका चाचांनी. बाबांच्या ऑफिसातल्या मित्राने त्यांचा नंबर दिला होता. चाचांनी चेंबूरला तीसेक वर्षं टॅक्सीलाईनचं काम केलेलं. भंगारवाल्याला फोन करायच्या आधी एकदा यांना दाखवू, एवढ्याच बोलीवर बाबा तयार झाले. चाचा रविवारी सकाळी लोकलने ठाण्याला आले, खांद्याला एक मळकी पिशवी. गाडीला हात लावायच्या आधी त्यांनी बाबांना एकच प्रश्न विचारला.

"साहब, सेल्फ मारते टाईम चोक का नॉब गरम होता है क्या?"

बाबा जरा विचारात पडले. "हो, हल्ली होतो खरा. मला वाटलं, इंजिनाची हीट असेल."

"सुबह सुबह ठंडे इंजिन में हीट किधर से आएगी?" चाचा हसले.

खरंच की! करंटला परतीचा मोठा रस्ता बंद मिळाला की तो मिळेल त्या गल्लीबोळातून घरी जातो. इंजिनापासून डॅशबोर्डपर्यंत धातूची चोकची वायर गेलेली असते, तो त्यातून जाऊ लागतो. दीडशे अँपिअरसाठी ती वायर म्हणजे केसासारखी, मग तापणारच. म्हणजे गाडी चार वर्षं बोट लावून सांगत होती, दुखतंय कुठे ते.

चाचांनी पिशवीतून जंपर केबल काढली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनाच्या ब्लॉकला लावलं. मला म्हणाले, "मार." बॅटरी तीच, "गेलेली". आदल्या रात्री चार्जिंगला लावली होती, एवढंच. मी सेल्फ मारला आणि इंजिन पहिल्या दमात सुरू झालं. आई वरून गॅलरीतून डोकावली.

जंपर काढून मी मल्टिमीटर लावला, कारण आकडा बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. सेल्फ फिरत असताना बॅटरीवर १०.८ व्होल्ट. बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामध्ये २.६ व्होल्ट! तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. म्हणजे सेल्फच्या वाट्याला जेमतेम आठ व्होल्ट येत होते. पट्टी काढली तर हिरवी पडलेली, मोजून चार-पाच तारा शिल्लक. नवी पट्टी दीडशे रुपयांची. चाचांनी बॉडीवरची जागा काचपेपरने घासून चकचकीत केली, पट्टी कसली आणि वरून व्हॅसलीन फासलं. पुन्हा मोजलं, ०.२ व्होल्ट.

आता बॅटऱ्या तीन-तीनदा का मेल्या, तेही यातूनच सुटतं. सेल्फ हळू फिरतो म्हणून आपण जास्त वेळ मारतो, बॅटरी आणखी उतरते. गाडी सुरू झाल्यावर ती भरून यायला हवी, पण अल्टरनेटरही इंजिनावरच बसलेला, त्याचाही परतीचा रस्ता तोच तुटका. इंजिन चालू असताना आमच्या बॅटरीवर १३.२ व्होल्ट मिळत होते, पट्टी बदलल्यावर १४ मिळाले. लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट चार्ज ठेवली की तिच्या प्लेटवर लेड सल्फेटचे कडक खडे जमतात, आणि ते एकदा घट्ट झाले की परत विरघळत नाहीत. याला सल्फेशन म्हणतात. म्हणजे बॅटऱ्या खरोखरच मरत होत्या! गॅरेजवाल्याचं निदान खोटं नव्हतं. पण तो प्रत्येक वेळी बळी बदलत होता, मारेकरी आपल्या जागी सुखरूप.

मारेकरी तसा एकच नव्हता. दुसरा म्हणजे कव्हर. गाडी उभी राहिली की बॅटरी आपोआप थोडी थोडी उतरते, आणि मुंबई-ठाण्याच्या उकाड्यात जास्तच. शिवाय कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं. नव्या गाडीत चावी फिरवली की इलेक्ट्रिक पंप पेट्रोल पुढे ढकलतो. फियाटचा पंप मेकॅनिकल, इंजिन फिरलं तरच तो चालणार. म्हणून तीन आठवडे उभी असलेली गाडी पहिल्यांदा दहा-पंधरा सेकंद सेल्फ मागते. म्हणजे ज्या दिवशी बॅटरी सगळ्यात अशक्त असते, नेमकं त्याच दिवशी तिला सगळ्यात जास्त काम. चाचांची पद्धत अशी: एका वेळी पाचच सेकंद सेल्फ, मग मिनिटभर विश्रांती. तेवढ्यात बॅटरी सावरते आणि सेल्फचं वाइंडिंगही जळत नाही.

(१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ आला. त्याआधी हँडल मारूनच गाड्या सुरू व्हायच्या. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. आजोबांनी बाबांना शिकवलेलं, बाबांनी मला. उपयोग शून्य, पण माहीत असलेलं बरं.)

चाचा चहा घेताना जे म्हणाले ते मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. मी विचारलं, टॅक्सीवाल्यांना हा त्रास व्हायचा नाही का? तर म्हणाले, दोन शिफ्टमध्ये चालणाऱ्या गाडीची बॅटरी कशाला उतरेल? आणि पट्टी तुटलीच तर कुठल्याही नाक्यावर दुसरा टॅक्सीवाला दहा मिनिटांत सांगायचा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत रजिस्टर झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर अधिकृतपणे एकही पद्मिनी टॅक्सी नाही. तेव्हा पेपरांत आणि फेसबुकवर सगळे हळवे झाले होते, मीही झालो होतो. पण गेलं काय, तर नुसत्या काळ्या-पिवळ्या गाड्या नाही गेल्या. "चोक गरम होतो का?" असा प्रश्न विचारणारी माणसं त्या कामातून बाहेर पडली. आजच्या गॅरेजातला मुलगा हुशार आहे, पण तो स्कॅनर लावतो आणि फियाटला स्कॅनर लावायला जागाच नाही. मग त्याच्या हातात बदलण्यासारखी एकच वस्तू उरते, बॅटरी. आणि दोन-तीन बॅटऱ्यांनंतर तो म्हणतो, हिच्यात काही राहिलं नाही.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या रजिस्ट्रेशनपासून पन्नास वर्षं झालेली खाजगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरप्लेटवर "व्हीए" ही अक्षरं मिळतात. आमची २०३७ साली पात्र होईल. पण अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. हेतू चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण गाडीचं शरीर वेगळं सांगतं. तिला जपून ठेवलं की ती मरते, वापरलं की जगते. २०३७ पर्यंत आम्ही तरी वापरणार.

तुमच्याकडे अशी एखादी गाडी असेल तर नवी बॅटरी घेण्याआधी चार गोष्टी करा:

१. बॅटरी रात्रभर हळू चार्ज करा. काढल्यावर काही तासांनी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी.

२. हेडलाईट लावून सेल्फ मारा. लाईट एकदम मंद झाले तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल बघा. लाईट छान आणि सेल्फ मात्र मरगळलेला, तर पुढचा रस्ता बघा.

३. सेल्फ फिरत असताना निगेटिव्ह टर्मिनल ते इंजिन ब्लॉक व्होल्ट मोजा. अर्ध्याच्या वर असेल तर पट्टी बदला.

४. साठच्या दशकापर्यंतची ब्रिटिश गाडी असेल तर जंपर लावण्याआधी अर्थ पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह ते बघून घ्या. नाहीतर होळी.

आमची तिसरी बॅटरी दोन रात्री हळू चार्जिंगवर ठेवली आणि वाचली. अजून तीच चालू आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडीचं रजिस्ट्रेशन पुन्हा करावं लागतं, त्या हिशोबाने आमची पाळी २०२७ मध्ये. तेव्हा आरटीओत गाडी स्वतःच्या चाकांवर न्यायची, एवढंच बाबांनी ठरवलंय. भंगारवाल्याचा विषय त्यांनी परत काढला नाही. मीही काढला नाही.

मी मात्र एक काम सुरू केलंय. चाचांकडे महिन्यातून एकदा वही घेऊन जातो. पॉइंटचा गॅप, कॉइल गरम झाल्यावरची लक्षणं, पंपाचा डायफ्राम फाटला हे वासावरून कसं ओळखायचं, वगैरे. ते सांगतात, मी लिहून घेतो. "इतना लिखके क्या करेगा?" म्हणतात. काय करणार ते मलाही नक्की माहीत नाही, पण चाचा सत्तरीच्या पुढे आहेत आणि वहीत अजून पुष्कळ पानं कोरी आहेत.

असो. पुढच्या शनिवारी कार्बोरेटर. :)