बाईशी बोलायचं कधी?

मैत्रिणींनो, आपल्या कालनिर्णयवर दुधाचा हिशोब असतो, सिलिंडर लावल्याची तारीख असते आणि बाईचे खाडेही असतात. खाडा का झाला, हे मात्र तिथं नसतं. ते विचारायला बसावं लागतं.

मी म्हणते, महिन्यातून एकदा, पाव तासच, कामवाल्या बाईला समोर बसवून चहा घ्यावा. पगाराच्या दिवशी मुळीच नको; त्या दिवशी तिचं लक्ष पैशांकडे आणि आपलं कापायच्या खाड्यांकडे! सासूबाई किंवा शेजारीण यांच्यासमोरही नको. चारचौघींत बाई "होय वैनी" एवढंच म्हणते. आणि आधी तिला बोलू द्यावं. फुटलेल्या कपबशीचा विषय आपल्या ओठांवर असतो, तो तिथंच राहू द्यावा.

आमच्या मावशी तीन आठवडे रोज उशिरा येत होत्या. "मावशी, सकाळचं कसं काय जमतं?" एवढंच विचारलं. त्या गप्प. मीही गप्प राहिले. (मास्तरणीला गप्प बसणं किती जड जातं, ते मास्तरणीलाच ठाऊक!) मग म्हणाल्या, "वैनी, नळाला पाणी सातला येतं. भरल्याबिगर निघू कशी?" वेळ आठची केली. माझी शाळा दुपारची म्हणून ते जमलं, हेही खरं.

आमच्या रत्नागिरीत खरा वाद गणपतीत. मावशींना गावी जायचं असतं, आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडे पाहुण्यांची गर्दी. तिचे दिवस आषाढातच ठरवून तिच्यासमोर कालनिर्णयवर लिहावेत. हरतालिकेला घासाघीस नको. आणि कबूल केलं ते पाळायचं. नुसतं "बघू" म्हटलंत, तर पुढच्या वेळी ती चहा पिऊन उठेल.

पगारवाढ मागेल अशी भीती वाटते? मागू दे की! पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, तो पगार आणि रजेसाठीच. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १८ ते ६० वयाच्या कामगारांची त्यात नोंदणी होते. हेही तिला याच पाव तासात सांगावं. वाढ देता येईल तेवढा आकडा बोलावा. जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगावं, कारणासकट.

मात्र तिच्या घरचं जे कानावर पडेल, ते हळदीकुंकवाला न्यायचं नाही. मावशींच्या नवऱ्याबद्दल मला काय कळलं, ते म्हणूनच इथंही लिहीत नाही.