पोच

मराठीत 'पोच' हा एक फार हुशार शब्द आहे. पत्र मिळाल्याची आपण पोच देतो, पैसे भरल्याची पोचपावती जपून ठेवतो आणि कुठे काय बोलावे हे ज्याला कळत नाही त्याच्याविषयी 'त्याला काही पोच नाही' असे म्हणून मोकळे होतो. मिळाल्याची खूण आणि माणसाची समज या दोहोंना एकच शब्द! मी संज्ञापन हा विषय शिकवतो, आणि जितका शिकवतो तितका फिरून फिरून या शब्दापाशी येतो.

पाठ्यपुस्तकात संज्ञापनाची आकृती असते. एका चौकोनात प्रेषक, दुसऱ्यात ग्राहक आणि मधे बाण. या आकृतीचे मूळ क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाच्या १९४८ सालच्या निबंधात आहे. शॅनन तेव्हा बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत काम करीत असे. संदेश तारेतून बिनचूक कसा जाईल, हा त्याच्यापुढचा प्रश्न. संदेशाच्या अर्थाशी अभियंत्याला कर्तव्य नाही, हे त्याने आरंभीच सांगून टाकले होते. आम्ही त्याची आकृती पाठ केली आणि ही सूचना मात्र विसरलो. पुढच्या लेखकांनी तिला उलट दिशेचा एक बाण जोडला. मराठी पुस्तकांत त्याला 'प्रत्याभरण' असे भारदस्त नाव मिळाले. मुले तो शब्द घोकतात, अडखळतात. मी म्हणतो, बाबांनो, कंसात 'पोच' लिहा, म्हणजे विसरणार नाही.

बोलण्यात ही पोच आपल्याला जन्मतःच असते. आमच्या गावाच्या नावाचेच पाहा. महाराष्ट्रात ओझर एकच नाही. जुन्नर तालुक्यातले ओझर अष्टविनायकांतल्या विघ्नेश्वराचे, आणि आमचे ओझर 'मिग'चे. १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना येथे आला, सोव्हिएत परवान्यावर मिग-२१ विमाने बनू लागली आणि विमानाचे नाव गावाला चिकटले. मिकोयान आणि गुरेविच या दोन विमानरचनाकारांच्या आद्याक्षरांचे ते नाव. मधल्या 'इ'चा रशियन भाषेत अर्थ 'आणि'. एस. टी.तल्या आजीबाईंना यातले काही ठाऊक नसते. त्या 'मिगला उतरव रे बाबा' म्हणतात आणि बरोबर उतरतात. २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला, तरी आजीबाईंचे आणि कंडक्टरचे काही अडले नाही. दोघांच्या मनात त्या शब्दाची जागा एकच आहे, एवढे पुरते.

असे सहज बोलणारी माणसे लिहायला बसली की कुठे हरवतात, हा मला नेहमी पडणारा प्रश्न. एकदा वर्गातल्या एका मुलाने वडिलांच्या नावाने लिहिलेला अर्ज मला तपासायला दाखवला. 'वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, नैसर्गिक आपत्तीमुळे अर्जदाराचे अपरिमित नुकसान झालेले असल्याकारणाने सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. पण कोणती आपत्ती, कधी, कुठे, किती, याचा पत्ता नाही. मी म्हटले, "कागद बाजूला ठेव. काय झाले ते नुसते सांग."

तो म्हणाला, "सर, मंगळवारी संध्याकाळी गारा झाल्या. दीड एकर बाग. माल आठ दिवसांत तुटणार होता. मणी तडकले. आता व्यापारी हात लावीत नाही. सोसायटीचं कर्ज आहे."

अर्ज तयारच होता! आम्ही त्यात तारीख घातली, गट नंबर घातला आणि 'पंचनामा करावा' ही मागणी शेवटी नेमकी लिहिली. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घेऊन ये, असे मी त्याला बजावले. तो घेऊन आला. मदत मिळणे न मिळणे आमच्या हातात नव्हते. पण निदान बागेचे दुःख कागदावर होते तसे उमटले.

अर्ज म्हटला की बोलीचे साधे कपडे उतरवून कोणाचा तरी जुना कोट चढवायचा, हे आपण मुलांना कधी शिकवले कोण जाणे! राजभाषा अधिनियम झाला तोही १९६४ सालीच. सामान्य माणसाचे गाऱ्हाणे त्याच्याच भाषेत कचेरीत पोचावे, हाच मराठीतून कारभार चालविण्याचा मोठा लाभ. गाऱ्हाणे सांगणाराच आपली भाषा दाराबाहेर ठेवून आत गेला, तर अधिनियम तरी काय करील?

याच गावाने मला आणखी एक धडा दिला. ओझरची शेते वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाला. कालव्यात पाणी सुटले तरी ते शेवटपर्यंत येईलच याची शाश्वती नसे. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणले आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी येथे पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचे, मोजल्याप्रमाणे पट्टी भरायची आणि वाटप शेतकऱ्यांनीच करायचे, अशी ही पद्धत. पुढे वाघाडच्या साऱ्या लाभक्षेत्रात अशा संस्था झाल्या. धरणातून किती सोडले, याइतकाच शेपटाच्या शेतात किती आले, हा हिशेब महत्त्वाचा, हे या शेतकऱ्यांनी ओळखले होते.

शिक्षकाचे तरी वेगळे काय? मी तासभर बोललो, हा झाला धरणावरचा आकडा. म्हणून तास संपण्यापूर्वी पाच मिनिटे मी शेवटच्या बाकावरच्या मुलांना एक ओळ लिहायला सांगतो: आज काय समजले? कधी ओळ सुरेख येते, कधी कोरा कागद येतो. कोरा कागद हीदेखील पोचच असते, आणि दुसऱ्या दिवशीचा तास मी तिच्यापासून सुरू करतो.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत आकृती जरूर काढा. तिचे गुण ठरलेले आहेत. पण मोबाईलवर उमटलेल्या दोन निळ्या खुणांवर फार विसंबू नका. निरोप उघडला गेला, इतकेच त्या सांगतात. घरी पत्र लिहा, कचेरीत अर्ज द्या, मित्राला निरोप धाडा. पाठवण्यापूर्वी तो एकदा घेणाऱ्याच्या जागी बसून वाचा. एवढी सवय लागली, तरी या विषयाचा अभ्यासक्रम पुरा झाला असे मी समजेन.