पारावरची फुली

मी तंबाखू सोडली तेव्हा रोज रात्री कॅलेंडरवर फुली मारत असे. एकविसाव्या दिवशी बांधावर बसून बार भरलाच. घरी येऊन कारभारणीला सांगितलं. ती म्हणाली, "उद्यापासून पुन्हा एक." एवढंच. पण थोरल्याने ते पारावर सांगितलं आणि चार लोक हसले. त्यानंतर दोनदा चुकलो, आणि दोन्ही वेळा खोटी फुली मारून मोकळा झालो!

पुढे अमेरिकेतल्या नशेबाजांसाठीच्या कोर्टांविषयी वाचलं, तेव्हा हे आठवलं. पहिलं असं कोर्ट १९८९ साली मायामीत निघालं. आरोपीला तुरुंगात न धाडता उपचार देतात. त्याने ठरल्या दिवशी न्यायाधीशापुढे उभं राहायचं, लघवी तपासायला द्यायची, चुकलो तर चुकलो म्हणायचं. नेटाने वागला तर टाळ्या, घसरला तर काही दिवस कोठडीसुद्धा. महिनोन्‌महिने हे चालतं. सवय अशीच बसते.

अर्कान्सा राज्यात या कबुल्या टीव्हीवर दाखवल्या. २०११ मध्ये देशभरासाठी मालिकाही निघाली. बघून तरुण पोरं सावरतील, असं म्हणणं. सावरतही असतील एखाददोन. पण तुम्हीच सांगा, ज्याची सुटका न्यायाधीशाच्या हाती, तो कॅमेऱ्याला 'नको' कसं म्हणेल? सही घेतली म्हणजे राजीखुशी झाली? सावकाराच्या कागदावरही अंगठा असतोच की! आणि उद्या बरा होऊन तो कामधंदा मागायला गेला, तर समोरच्याने त्याला रडताना पाहिलेलं असणार.

थोरल्याला मी रागावलो नाही. कॅलेंडर मात्र उचलून माजघरात, दाराआड टांगलं.