फुटलेल्या तबकड्या

शिकवणं म्हणजे आपली जिवापाड आवडीची गोष्ट परक्या पोरांच्या हाती देणं. हे मला पुस्तकांपेक्षा रिचर्ड ब्रुक्सच्या 'ब्लॅकबोर्ड जंगल'मधून अधिक कळलं. १९५५ सालचा हा कृष्णधवल चित्रपट. न्यूयॉर्कमधली एक दांडगाईनं भरलेली शाळा, तिथं नव्यानं रुजू झालेले इंग्रजीचे मास्तर डॅडियर आणि गणिताचे एडवर्ड्‌स.

नायक डॅडियर, ग्लेन फोर्डनं तो समरसून उभा केलाय. माझा जीव मात्र एडवर्ड्‌सपाशी घुटमळतो. वर्षानुवर्षं जमवलेल्या जॅझच्या तबकड्या तो वर्गात घेऊन येतो. बिक्स बायडरबेकची एक लावतो. आता पोरं गप्प होतील, ऐकतील, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलेलं असतं. पोरं एकेक तबकडी हवेत भिरकावतात. ठिसूळ तबकड्या जमिनीवर पडून फुटत राहतात, आणि एडवर्ड्‌स अडवायला या बाकाकडून त्या बाकाकडे धावत राहतो. पुढे तो शाळा सोडतो.

हाच चित्रपट सुरू होतो 'रॉक अराउंड द क्लॉक'च्या दणक्यात. आदल्या वर्षी फारसं न चाललेलं बिल हेलीचं ते गाणं या चित्रपटामुळे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ते पोरांचं गाणं होतं. पण एडवर्ड्‌सचं जॅझही कधीकाळी तरुणांचंच होतं, थोरांनी नाकं मुरडलेलं! दोन्ही संगीतांची नाळ काळ्या अमेरिकेशी. एका वर्गात ती समोरासमोर आली आणि एकमेकांना ओळखू शकली नाहीत, याची हळहळ वाटते.

डॅडियर वेगळी वाट धरतो. तो प्रोजेक्टर आणून जॅक आणि वेलाच्या गोष्टीचं कार्टून दाखवतो. पोरं पोट धरून हसतात. मग तो विचारतो, जॅकनं चोरी केली ना? राक्षसाचा काय गुन्हा होता? आणि उनाड म्हणून ओवाळून टाकलेली ती पोरं न्याय-अन्यायावर हमरीतुमरीनं बोलू लागतात. सिडनी पॉटियेनं साकारलेला हुशार, सावध मिलरही त्यांच्यात आहे. शेवटी मास्तर आणि मिलर एकमेकांना शब्द देतात : शाळा सोडायची नाही.

डॅडियरला यश आलं, म्हणून एडवर्ड्‌स चुकला असं मी मानणार नाही. पोरांना काय रुचेल हे आधी जोखायला हवं, खरंच. पण ज्या मास्तरापाशी फुटण्याजोगं काहीच नाही, तो वर्गात नेणार तरी काय?