डेडलिफ्ट, जिऊ-जित्सू आणि मामा

तर झालं असं, की पुण्यात शुक्रवारी रात्री ऑफिस सुटलं की मी डेडलिफ्ट मारायचो आणि शनिवारी सकाळी जिऊ-जित्सूच्या मॅटवर हजर. एका शनिवारी समोरच्याने आर्मबार लावला. हात सोडवायचा तर पकडीत जीवच नव्हता, आदल्या रात्री बारबेलने सगळा खाल्लेला. वर टॅप करायलाही उशीर केला (माज, दुसरं काय). कोपर गेलं. सोमवारपासून आठवडाभर एका हाताने कोडिंग!

सुट्टीत भंडाऱ्याला गेलो तर मामांनी लगेच विचारलं, "हात असा काऊन धरला रे?" मामा तरुणपणी आखाड्यात जायचे. सगळं ऐकून म्हणाले, "पयले लढत, मंग मेहनत. तू उलटंच करून राहिला."

त्यांचा क्रम साधा: पहाटे अंग ताजं असताना कुस्ती, संध्याकाळी जोर-बैठका. आणि फावड्याने माती खणायची, त्यात पाठ, खांदे, पकड सगळं आलंच. १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ जिंकणारे खाशाबा जाधवसुद्धा मातीतच घडले होते की!

आता शनिवारी सकाळी मॅट, डेडलिफ्ट संध्याकाळी, रविवारी नुसता आराम. वजन १२० वरून १०० किलोवर आणलं. जिवावर आलं, खोटं कशाला बोलू? पण पकड शेवटच्या राउंडपर्यंत टिकते.

मामांना फोनवर कौतुकाने सांगितलं, तर म्हणतात, "ते ठीक आहे. भात खातो का नाही पोटभर?"